पगाराला हात कोण लावू शकतं?

‘गार्निश’ हा शब्द आपल्याला पोह्यांवरच्या कोथिंबिरीमुळे माहीत असतो. कायद्याच्या इंग्रजीत मात्र त्याचा अर्थ अगदी वेगळा आहे. कोणी कर्ज घेतलं, फेडलं नाही, तर त्याचा पगार हातात पडायच्या आधीच त्यातला काही भाग परस्पर कापून घ्यायचा, याला अमेरिकेत ‘वेज गार्निशमेंट’ म्हणतात. आपल्याकडे त्याला साधा, सगळ्यांना कळणारा शब्द आहे : पगाराची जप्ती. आणि या शब्दाला आपण सगळेच घाबरतो.

तुम्ही म्हणाल, कॉलेजच्या अंकात हा विषय कशाला? इथे मैत्री, पहिला पाऊस आणि सबमिशनच्या आदल्या रात्रीचे किस्से यायला हवेत! पण मित्रमैत्रिणींनो, जरा आपल्या वर्गात नजर फिरवा. आपल्यातले कितीतरी जण एज्युकेशन लोनवर शिकतायत. त्या फॉर्मवर आई-बाबांनी सहकर्जदार म्हणून सह्या केल्या आहेत. कोर्स संपून वर्ष होतंय न होतंय तोच हप्ते सुरू होणार. म्हणजे आपला पगार अजून यायचाय आणि त्यावर हक्क सांगणारे आधीच रांगेत उभे आहेत. मग त्या पगाराला कोण, कधी आणि किती हात लावू शकतं, हे आपल्याला माहीत नको?

गेल्या सेमिस्टरला आमच्या होस्टेलमधल्या एका मुलीने मोबाईलवरच्या एका ॲपवरून आठ हजार रुपये घेतले. हप्ता चुकला आणि फोन सुरू झाले. आधी तिला, मग तिच्या मैत्रिणींना, मग ज्यांचे नंबर तिच्या फोनमध्ये होते त्या सगळ्यांना. एका रात्री साडेदहाला फोनवरचा माणूस म्हणाला, “तुझ्या वडिलांच्या ऑफिसला नोटीस गेलीय. पुढच्या महिन्यापासून त्यांचा पगार बंद!” ती दोन दिवस जेवली नाही. बॅग भरून घरी जायला निघाली होती. आम्ही पाच-सहा जणी तिला समजावत होतो, पण असं खरंच होऊ शकतं का, हे आमच्यापैकी एकीलाही सांगता येईना. थर्मोडायनॅमिक्सचे तिन्ही नियम पाठ, आणि पगाराचा एकही नियम माहीत नाही!

मग ठरवलं की हे एकदा नीट समजून घ्यायचं. जिल्हा कोर्टात वकिली करणाऱ्या आमच्या नात्यातल्या एका काकूंकडे जाऊन बसले. हुकूमनामा, दरखास्त, निर्णीत ऋणको असे शब्द ऐकून माझ्यासारख्या कॉन्व्हेंटवालीला घामच फुटला. पण काकूंनी कायद्याचं पुस्तक समोर ठेवलं आणि म्हणाल्या, “शब्दांना घाबरू नकोस गं, गणित बघ.” गणित आपल्याला येतंच. ते मी इथे मांडते.

पहिली गोष्ट म्हणजे वसुलीवाला पगाराला हात लावू शकत नाही. बँक असो, फायनान्स कंपनी असो की ॲपवाला, नुसती नोटीस पाठवून कोणाचाही पगार थांबवता येत नाही. साध्या कर्जासाठी पगाराची जप्ती करायची तर कोर्टाचा हुकूम लागतो. आधी दावा दाखल करावा लागतो. समन्स निघतं. कर्जदाराला आपली बाजू मांडायची संधी मिळते. मग कोर्ट निकाल देतं, त्याला हुकूमनामा म्हणतात. तेवढ्यानेही पगार कापला जात नाही. पैसे मिळाले नाहीत तर धनकोला, म्हणजे पैसे देणाऱ्याला, पुन्हा कोर्टात ‘दरखास्त’ करावी लागते. त्यानंतर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २१ खाली कोर्ट पगार देणाऱ्या ऑफिसला हुकूम पाठवतं. सरकारी, रेल्वे आणि नगरपालिकेसारख्या संस्थांच्या नोकरांसाठी नियम ४८ आहे आणि खाजगी नोकरांसाठी नियम ४८-अ. कापलेली रक्कम कोर्टात जमा होते, फोनवर ओरडणाऱ्या माणसाच्या खिशात जात नाही. हल्ली पुष्कळ कंपन्या कोर्टाऐवजी लवादाकडे जातात. पण लवादाच्या निवाड्याची अंमलबजावणीसुद्धा शेवटी कोर्टाकडूनच करून घ्यावी लागते.

होस्टेलमधल्या मुलीच्या वडिलांनी तर कुठेच सही केलेली नव्हती. मुलगी सज्ञान आहे, कर्ज तिचं आहे. सहकर्जदार नाही, जामीनदार नाही, मग त्यांच्या पगाराचा संबंधच कुठे येतो? ती धमकी शुद्ध थाप होती.

अशा फोनबद्दलही नियम आहेत. १२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकात रिझर्व्ह बँकेने स्पष्ट सांगितलं की वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचे नाहीत, धमक्या द्यायच्या नाहीत, चारचौघांत अपमान करायचा नाही, घरच्यांना आणि मित्रांना त्रास द्यायचा नाही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये डिजिटल कर्जाचे नियम आले. त्यानुसार कर्ज देणाऱ्या ॲपने फोनमधल्या नंबरांच्या यादीला हातही लावायचा नाही. त्याआधी २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वसुलीसाठी गुंड वापरणाऱ्या बँकांना चांगलंच सुनावलं होतं. म्हणजे नियम नाहीत असं नाही. नियम आपल्यापर्यंत पोचलेले नाहीत.

आता गणित. कोर्टाने हुकूम दिला तरी पूर्ण पगार जप्त होत नाही. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ च्या कलम ६० मध्ये सूत्र दिलंय. पगारातले पहिले १००० रुपये सोडायचे. उरलेल्या रकमेचे दोन तृतीयांशही सोडायचे. राहिलेला एक तृतीयांश तेवढा जप्त करता येतो. समजा पगार २५,००० आहे. १००० गेले, उरले २४,०००. त्याचे दोन तृतीयांश, म्हणजे १६,००० सुरक्षित. जप्त होणार फक्त ८,०००. घरी १७,००० येणारच. पुढे आणखी एक मर्यादा आहे. एकाच हुकूमनाम्यासाठी अशी कपात एकूण २४ महिनेच करता येते. त्यानंतर त्या हुकूमनाम्यासाठी पगाराला पुन्हा हात लावता येत नाही. आपल्या उदाहरणात २४ गुणिले ८,०००, म्हणजे जास्तीत जास्त १,९२,०००. बाकीचं कर्ज माफ होतं असं मात्र नाही हं! त्यासाठी दुसऱ्या मालमत्तेकडे जाता येतं. पण तिथेही अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारं यांना कलम ६० ने संरक्षण दिलंय. सरकारी निवृत्तांचं पेन्शन आणि प्रॉव्हिडंट फंडसुद्धा सुरक्षित आहे.

पोटगीचा हुकूम असेल तर सूत्र उलटं होतं. तिथे पगाराचा फक्त एक तृतीयांश सुरक्षित राहतो, दोन तृतीयांश जप्त होऊ शकतो. बँकेच्या देण्यापेक्षा बायकामुलांचं पोट मोठं, असं कायदा मानतो. मला हे फार पटलं.

आणखी एक गंमत बघा. याच कलमात मजुरांची आणि घरकामगारांची मजुरी जप्तीतून पूर्ण वगळली आहे. मजूर म्हणजे फक्त अकुशल नाही, कुशल आणि अर्धकुशलसुद्धा, असं स्पष्टीकरणही दिलंय. म्हणजे आपल्या वर्कशॉपमध्ये आपल्याला जॉब फाईल करायला शिकवणाऱ्या फिटरची मजुरी कायद्याच्या दृष्टीने जास्त सुरक्षित, आणि उद्याच्या टाय लावलेल्या ट्रेनी इंजिनिअरचा पगार कमी!

“तुरुंगात टाकू” ही धमकीही नेहमीची. कर्ज थकणं हा गुन्हा नाही. १९८० मध्ये जॉली जॉर्ज वर्गीस विरुद्ध बँक ऑफ कोचीन या खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी सांगितलं की केवळ गरिबीमुळे पैसे देता येत नाहीत म्हणून कोणाला दिवाणी तुरुंगात टाकता येणार नाही. ऐपत असून, लबाडीने न देणाऱ्याची गोष्ट निराळी. पण चेक बाऊन्स होणं हा गुन्हा होऊ शकतो. हप्त्याचं ऑटो-डेबिट खात्यात पैसे नसल्यामुळे परत गेलं तर २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याखालीही तक्रार होऊ शकते. त्यामुळे हप्ता भरता येणार नसेल तर गप्प बसण्यापेक्षा बँकेला आधी लेखी कळवणं शहाणपणाचं.

आपल्याकडे म्हण आहे, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. भाऊबंदकीच्या, बांधाच्या भांडणात ती खरी असेल. पण कर्जाच्या बाबतीत हीच म्हण आपला घात करते, असं माझं स्पष्ट मत आहे. इथे पगाराचं रक्षण करणारी जागा कोर्टच आहे. एक तृतीयांश, २४ महिने, कोर्टात जमा, हे सगळे नियम कोर्टातच लागू होतात. वसुलीवाल्याला हे पक्कं ठाऊक असतं. कोर्टात गेलो तर वेळ जाईल आणि मिळेल ते तुकड्यातुकड्याने, हे माहीत असल्यामुळेच तो फोनवर कोर्टाचं नाव घेऊन घाबरवतो. आणि आपण घाबरून त्याच कोर्टाचं समन्ससुद्धा घेत नाही! मग निकाल एकतर्फी लागतो. समन्स आलं की जायलाच हवं. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत मिळू शकतो. स्त्रियांना तर उत्पन्न कितीही असलं तरी तो हक्क आहे.

इथपर्यंत वाचून वाटेल, चला, कायदा आपल्या बाजूने आहे, प्रश्न मिटला. पण खरा प्रश्न इथेच सुरू होतो. कायद्याने जो पगार इतका जपलाय, तो आपण स्वतःच्या सहीने देऊन टाकतो.

ऑटो-डेबिटची सही आपली असते. कर्ज आणि पगाराचं खातं एकाच बँकेत असेल, तर थकलेली रक्कम त्या खात्यातून वळती करून घेण्याचा हक्क बँका सांगतात. करारात तसं कलम बहुधा असतंच, त्याखालीही आपलीच सही असते. यात कोर्ट नाही, एक तृतीयांशाचं सूत्रही नाही. नियोजन करून दिलेली संमती वाईट नसते. हप्ता वेळेवर जातो, दंड वाचतो. पण निदान आपण संमती दिलीय हे तरी माहीत असावं ना!

आणि मग येते आपल्या महाराष्ट्राची खास गोष्ट : पगारदार नोकरांची पतसंस्था आणि जामीनदार. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ४९ प्रमाणे सभासदाने संस्थेला लेखी करार करून दिला, की संस्थेच्या मागणीवरून मालकाने त्याच्या पगारातून रक्कम कापून द्यायची असते. कोर्टात जावं लागत नाही. थकबाकीसाठी संस्थेला कलम १०१ खाली वसुलीचा दाखलाही मिळतो. गावाकडे ‘एकशे एकचा दाखला निघाला’ असं म्हटलं की सगळ्यांना कळतं. या पतसंस्थांनी हजारो घरांत लग्नं, आजारपणं, शिक्षणं निभावून नेली आहेत. सावकाराच्या दारात जाण्यापेक्षा त्या शतपटीने बऱ्या. पण जामीनदाराची अवस्था बघा.

माझ्या रूममेटचे बाबा प्राथमिक शिक्षक आहेत. शाळेतल्या एका सहकाऱ्याच्या कर्जाला ते जामीन राहिले. “गुरुजी, नुसती सही तर करायचीय!” एवढाच संवाद. सहकारी पुढे नोकरी सोडून गेला, कर्ज थकलं आणि गुरुजींच्या पगारातून दर महिन्याला कपात सुरू झाली. कर्जातला एक रुपयाही ज्यांनी पाहिला नाही, त्यांच्या घरी महिनाअखेर वीस तारखेलाच येऊ लागली. तिची त्या वर्षीची फी दोन तुकड्यांत भरली गेली. आणि गुरुजी अजूनही म्हणतात, “शब्द दिला होता ना.”

भारतीय करार अधिनियम, १८७२ चं कलम १२८ सांगतं की जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. आधी कर्जदाराकडे जा, तो देत नसेल तर मग माझ्याकडे या, असं जामीनदाराला म्हणता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्येच हे स्पष्ट केलंय. जामीनदाराने भरलेले पैसे कर्जदाराकडून मागायचा हक्क त्याला आहे, पण पळून गेलेल्या माणसाकडून मागणार काय?

जामीनदार पगारदारच का लागतो, याचा कधी विचार केलाय? शेतकऱ्याचं पीक बुडू शकतं, दुकानदाराचा गल्ला रिकामा दाखवता येतो. पगार मात्र दर महिन्याला, ठरलेल्या तारखेला, ठरलेल्या ठिकाणी येतो. त्यामुळे तो पकडायला सगळ्यात सोपा. पुढच्या दोन-तीन वर्षांत आपण असेच पगारदार होणार आहोत. घराण्यातली कदाचित पहिली सॅलरी स्लिप आपल्या हातात असेल. आणि मग चुलतभावाच्या ट्रॅक्टरला, मित्राच्या बाईकला, ऑफिसातल्या कोणाच्या तरी पर्सनल लोनला जामीन राहायला पहिलं बोलावणं आपल्यालाच येईल. तेव्हा ‘नाही’ म्हणायला धाडस लागेल. ‘हो’ म्हणायचं असेल तर एवढी रक्कम उद्या मलाच भरावी लागली तर मी भरू शकेन का, हा हिशोब करूनच म्हणावं.

कायद्यातही काही बदलायला हवं, असं मला वाटतं. कलम ६० मधली सुरुवातीची सूट १९७६ च्या दुरुस्तीने ४०० रुपये झाली आणि २००२ पासून १००० रुपये. त्यानंतर ती तिथेच आहे. आजच्या हजार रुपयांत आमच्या मेसचे दहा दिवससुद्धा निघत नाहीत. पगार ५०,००० असेल तर एक तृतीयांश गेलेला सोसतो. पण १०,००० वर कंत्राटी काम करणाऱ्या क्लार्कचे ३,००० गेले तर त्याने खोलीचं भाडं द्यायचं की पोरांचं दूध आणायचं? अमेरिकेतल्या १९६८ च्या केंद्रीय कायद्यात साध्या कर्जासाठी हातात येणाऱ्या पगाराच्या २५ टक्क्यांहून जास्त कापता येत नाही. शिवाय तासाच्या केंद्रीय किमान वेतनाच्या ३० पट रकमेला आठवड्याला हातच लावता येत नाही. म्हणजे तिथली सूट किमान वेतनाशी बांधलेली आहे, वेतन वाढलं की सूट आपोआप वाढते. आपल्याकडेही किमान वेतनाएवढी रक्कम पूर्ण सुरक्षित ठेवायला काय हरकत आहे? वेतन संहिता, २०१९ ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यात मालकाने पगारातून करायच्या एकूण कपातीला निम्म्या पगाराची मर्यादा आहे. हे चांगलंच आहे, पण निम्मा पगार म्हणजे लहान पगारवाल्याला उपासमारच.

यावर एक मित्र मला म्हणाला, “अशाने कर्ज बुडवणाऱ्यांचे लाड होतील. घेतलंय तर फेडायला नको?” फेडायलाच हवं! अंथरूण पाहून पाय पसरावेत हे मीही मानते. बँकेत ठेवलेले पैसेसुद्धा कोणाच्या तरी आजीच्या ठेवीचे असतात. पण बॉयलरला सेफ्टी व्हॉल्व्ह बसवतो, म्हणजे वाफ फुकट घालवायची असा त्याचा अर्थ नसतो. ज्याच्या पगारातून एक तृतीयांश जातो आणि बाकीच्यात घर चालतं, तो माणूस उद्याही कामावर येतो आणि कर्ज फिटतं. ज्याचं सगळंच ओढून घेतलं, तो नोकरी सोडतो, गाव सोडतो, कधी कधी जीवही देतो. मग वसूल कोणाकडून करणार?

आणि एक मागणी आपल्या कॉलेजकडे. कॅम्पसच्या आधी टी अँड पी सेल आपल्याला ग्रुप डिस्कशन शिकवतो, रेझ्युमे शिकवतो, टायची गाठसुद्धा शिकवतो. त्यातला एक तास या विषयाला द्यावा. विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलांना बोलवावं. कर्जाचा करार कसा वाचायचा, जामीनदाराची सही म्हणजे काय, धमकीचा फोन आला तर रेकॉर्ड करून आधी कंपनीकडे, मग रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे आणि ॲपची फसवणूक असेल तर १९३० या सायबर हेल्पलाईनवर तक्रार कशी करायची, एवढं सांगितलं तरी पुष्कळ झालं. शेवटी ज्या पगारासाठी आपण चार वर्षं रात्री जागवतो, तो कसा राखायचा हे चार वर्षांत एकदाही कोणी सांगू नये?

तोपर्यंत एवढं तरी करूया. यापुढे कुठल्याही कागदावर सही करायच्या आधी तो पूर्ण वाचायचा, आणि न कळलेल्या ओळीचा अर्थ समोरच्याला विचारायचा. तो “फॉर्मॅलिटी आहे हो” म्हणाला, तर पुन्हा विचारायचा.

(तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी)